आपण की आम्ही

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांमागे, एक लांबट खोली आहे. तिला खिडकी एकच, आणि तीही समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून उभी; त्यामुळे आत येणारा उजेड आधी त्या भिंतीवर आपटून, थोडा वापरून झाल्यावर आमच्यापर्यंत पोहोचतो. दर शनिवारी दुपारी मी त्या खोलीत इंग्रजी बोलण्याचा सराव घेतो. शिकवतो असे म्हणणे योग्य होणार नाही. येणाऱ्यांना इंग्रजी बऱ्यापैकी येत असते. रस्त्यावरच्या पाट्या ते वाचतात, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना त्यांना कळतात. मात्र समोर जिवंत माणूस उभा राहिला की ती सगळी भाषा अरुंद जिन्यात अडकलेल्या कपाटासारखी होते, वरही जात नाही आणि खालीही येत नाही. आम्ही ते कपाट थोडे तिरके करून पाहतो, इतकेच.

खोलीचा नियम साधा आहे. दाराजवळच्या स्टुलावर विजेची किटली असते. सराव अर्ध्यावर आला की मी तिचे बटण दाबतो, आणि पाणी उकळून ते बटण टक् करून वर येईपर्यंत मराठी बंद. त्यानंतर चहा, आणि ज्याला जी भाषा हवी ती.

येऊन गेलेले पुष्कळ, टिकलेले मोजके. टिकलेल्यांत एक शहर बसचे ड्रायव्हर आहेत. प्रवाशांशी भांडण्यापुरते इंग्रजी त्यांच्याकडे पहिल्यापासून होते, आता त्यांना भांडण मिटवण्यापुरते हवे आहे. दुसऱ्या मेट्रनबाई. त्या खरोखरच एका मोठ्या रुग्णालयात मेट्रन होत्या. निवृत्त झाल्यावर या इंग्रजी बोलणाऱ्या शहरात मुलाकडे राहायला आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आमचे कप उजेडात धरून कडा तपासल्या आणि ड्रायव्हरना हात धुऊन यायला सांगितले. ते निमूटपणे गेले, हात धुऊन आले आणि म्हणाले, "आम्ही वार्डात भरती झालोय की काय, मेट्रनबाई?" तेव्हापासून तेच नाव रूढ झाले.

मेट्रनबाईंची सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तिला मराठी येत नाही. तिच्या आईवडिलांची भाषा आणखी तिसरीच. मुलाचे कामाचे तास विचित्र असल्यामुळे संध्याकाळभर घरात या दोघीच, आणि दोघींच्या मध्ये एक इंग्रजी, जी धड हिचीही नाही आणि धड तिचीही नाही. सुनेला एकच मराठी शब्द येत असे. ती सासूला 'आई' म्हणू पाहायची, पण तिच्या जिभेवर त्याचे 'आय' होई.

"म्हणजे इंग्रजीत 'मी'," मेट्रनबाई सांगायच्या. "दिवसभर 'मी, मी' अशा हाका मारते. मला वाटतं, हिला स्वतःचंच काहीतरी सांगायचंय."

मी सगळ्यांना सुरुवातीलाच एक युक्ती शिकवतो. समोरच्याचे बोलणे कळले नाही की गप्प बसू नका, मान डोलावू नका. त्याच्या वाक्यातला शेवटचा किंवा अडलेला शब्द तेवढा उचला आणि प्रश्नासारखा परत द्या. माणसाला आपलाच शब्द परत मिळाला की तो आपोआप जास्त बोलतो. बाजारात, दवाखान्यात, फोनवर, सर्वत्र ही युक्ती चालते असा माझा समज होता.

त्या शनिवारी मी विषय दिला होता: घरातली एक ताजी बातमी सांगा. ड्रायव्हरनी त्यांच्या धाकट्या बहिणीला नोकरी लागल्याचे सांगितले, भूतकाळ आणि भविष्यकाळ एकाच बसमध्ये बसवून. मग मेट्रनबाईंची पाळी आली. त्या नेहमी ताठ बसत, पाठ खुर्चीला न टेकता. त्या दिवशी पाठ टेकलेली होती. किटलीचे बटण मी दाबलेसुद्धा नव्हते तेव्हा त्या मराठीत म्हणाल्या,

"मास्तर, 'वुई' म्हणजे आपण की आम्ही?"

"दंड! दंड!" ड्रायव्हर ओरडले. "किटली थंड आहे अजून. मेट्रनबाईंनी सिग्नल तोडला!"

"तुम्ही गप्प बसा."

ड्रायव्हर ब्रेक लागल्यासारखे गप्प झाले.

"दोन्ही," मी म्हणालो.

"दोन्ही कसं असेल? समोरचा 'आपण' म्हणाला तर मला धरून. 'आम्ही' म्हणाला तर मला सोडून. एका शब्दाला दोन्ही कसं परवडेल?"

मग त्यांनी सांगितले. सून मंगळवारी दुकानातून आली ती हसतच आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "वुई आर मूव्हिंग." नवे घर मिळाले, शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या दुकानाजवळ, पुढच्या महिन्यात जायचे. मेट्रनबाईंना सगळे कळले. एकच शब्द कळला नाही, आणि तो त्या वाक्यातला सगळ्यात सोपा शब्द होता.

"मी तुमची युक्ती केली. अडलेला शब्द परत दिला. म्हटलं, 'वुई?' तर ती आणखी हसली आणि म्हणाली, 'येस! वुई!' आता पुढे काय करायचं ते तुम्ही शिकवलेलं नाही."

"मुलाला विचारा की," ड्रायव्हरना राहवले नाही. "त्याच्याशी तर मराठीतच बोलता."

"विचारलं. तो म्हणाला, 'हो गं आई, घर बदलायचंय पुढच्या महिन्यात.' बदलायचंय. कुणी बदलायचंय? कर्ता कुठंय या वाक्यात? आईशी बोलताना माणूस कर्ता खिशात घालून हिंडतो."

"मग पुन्हा नीट विचारायचं."

"पुन्हा विचारलं तर तो 'आपण' म्हणेल. लगेच म्हणेल, मला बरं वाटावं म्हणून. आणि मग ते खरं करायला त्या पोरीशी भांडेल. तशा 'आपण'मध्ये मला राहायचं नाही. मी माणसं खाटेवर घाबरलेली पाहिलीत, मास्तर. त्यांना गोड बोलणाऱ्या नर्सची जास्त भीती वाटते. मला तिच्याकडूनच ऐकायचंय. स्वयंपाकघर आम्हा दोघींचं आहे."

मी किटलीचे बटण दाबले. पाणी तापू लागल्याचा तो बारीक, दुरून येणारा आवाज खोलीत पसरला. भाषा ही घरासारखी असते असे आपण सहज म्हणून जातो. पण एखाद्या भाषेत दोन खोल्यांच्या मध्ये भिंत असते आणि दुसऱ्या भाषेत ती नसतेच, आणि भिंतीच्या सवयीने वाढलेला माणूस त्या मोकळ्या जागेत उभा राहून विचारत राहतो की मी नेमका कुठे आहे. हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. त्यांना सराव हवा होता.

"सोपं आहे," मी म्हणालो. "तिला विचारा, 'अॅम आय कमिंग विथ यू?' मी तुमच्याबरोबर येतेय का?"

मेट्रनबाईंनी ते वाक्य मनात उलटसुलट करून पाहिले, कपाची कड पाहावी तसे.

"हा प्रश्न नाही. हा अर्ज आहे."

"मग, 'हू इज मूव्हिंग?' कोण कोण जातंय?"

"ही पोलीस चौकशी."

"मेट्रनबाई," ड्रायव्हर म्हणाले, "तिकीट कोणतंही काढा, बस तिथंच जाते."

"तुमची बस जाते. माझं वय झालंय, मला नीट जागा बघून बसावं लागतं." त्या माझ्याकडे वळल्या. "मला तिला इतकंच विचारायचंय की तुझ्या त्या शब्दात मी आहे का. मागायचं काही नाही. शब्दाचा अर्थ विचारायचाय. अर्थ विचारायला लाज नसते, नाही का?"

शेवटी वाक्य त्यांचेच ठरले. व्याकरणदृष्ट्या ते विचित्र होते. तरी मी त्याला हात लावला नाही. "इन युवर वुई, अॅम आय?"

आता सराव. सून व्हायला ड्रायव्हर तयारच होते. त्यांनी गळ्यातला रुमाल डोक्यावर घेतला, खुर्चीत तिरके बसले आणि आवाज बारीक केला. मेट्रनबाईंनी प्रश्न विचारला.

"ऑफ कोर्स, ममा!" ड्रायव्हर किणकिणले.

"ती मला ममा म्हणत नाही. आणि अशी मुरकत तर मुळीच नाही. शहाणी मुलगी आहे ती. रुमाल काढा."

"बघा! सून म्हणून दोन मिनिटं नांदलो, तर घराबाहेर काढलं."

सगळे हसले, मेट्रनबाईसुद्धा. मग हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही व्हा. आणि 'नो' म्हणा."

"का? 'येस'सुद्धा..."

"'येस'चा सराव कशाला लागतो? 'येस'नंतर काय बोलायचं ते तोंडाला आपोआप सुचतं. 'नो'नंतरचं शिकवा."

त्यांनी विचारले. मी 'नो' म्हणालो. ते इतके पुटपुटत निघाले, की त्यांनी हात वर केला. "ऐकू नाही आलं. डॉक्टरसुद्धा असंच करायचे, वाईट बातमी असली की दाढीत बोलायचे. स्पष्ट."

मी स्पष्ट म्हणालो. मेट्रनबाईंनी श्वास घेतला. समोरचा माणूस बोलून थांबला की मनात थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मग बोलायचे, हेही मीच शिकवलेले होते. पण तो वेळ इतका लांब असू शकतो हे मी कधी पाहिले नव्हते. मग त्या म्हणाल्या, "थँक यू फॉर टेलिंग मी." आणि लगेच, "व्हेन?" केव्हा?

"पुन्हा," त्या म्हणाल्या. मी पुन्हा 'नो' म्हणालो. पुन्हा तेच आभार, तोच 'केव्हा'. प्रत्येक वेळी ते वाक्य थोडे कमी थरथरत होते. किटलीने टक् केले तेव्हा कुणीच उठले नाही. मराठीची परवानगी मिळाली होती आणि खोलीत कुठलीच भाषा नव्हती.

पुढच्या शनिवारी त्या माझ्याआधी येऊन बसल्या होत्या. पाठ खुर्चीपासून सुटलेली. ड्रायव्हर आले, त्यांच्याकडे पाहून काहीतरी बोलणार होते, पण न बोलता हात धुवायला गेले. ते आल्यावर मेट्रनबाईंनी स्वतः किटलीचे बटण दाबले, नियम मोडायचा नाही म्हणून पाणी उकळेपर्यंत थांबल्या, आणि मग सांगितले.

"विचारलं. तिला कळलंच नाही. 'इन युवर वुई, अॅम आय?' म्हटलं, तर ती म्हणाली, 'आर यू व्हॉट?' तुमचं वाक्य आपटलं, मास्तर."

"वाक्य तुमचं होतं," ड्रायव्हर म्हणाले.

"पास कुणी केलं?"

मी मान खाली घातली.

"मग मी ताटली घेतली. म्हटलं, हाऊस. तीन चमचे घेतले. हा तो, ही तू, ही मी. ती पाहायला लागली. मी म्हटलं, आमच्या भाषेत वुई दोन आहेत. तिन्ही चमचे ताटलीत ठेवले. म्हटलं, आपण. मग तिसरा चमचा उचलून टेबलावर ठेवला. म्हटलं, आम्ही."

त्या थांबल्या. सुनेच्या कामाबद्दल त्यांनी आम्हाला पूर्वी सांगितले होते. ती दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगे सरकवत एकच प्रश्न विचारते, पहिले स्पष्ट दिसते की दुसरे.

"मी तिच्याच दुकानातला प्रश्न तिला विचारला. ताटली दाखवली, म्हटलं, 'वन?' चमचा बाहेर काढला, म्हटलं, 'ऑर टू?'"

"मग?" ड्रायव्हर खुर्चीच्या टोकावर आले होते.

"हसू गेलं तिचं. खुर्ची ओढून बसली. म्हणाली, त्याने सांगितलं नाही? मी म्हटलं, नाही. म्हणाली, तो म्हणाला होता की सांगितलंय, आणि तुम्ही बरं म्हणालात. मग बराच वेळ त्या बाहेरच्या चमच्याकडे बघत बसली. मला वाटलं, आता ती चमचा उचलून आत ठेवेल. चमचाच तर होता, ठेवायला काय लागतं? नाही ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'टू.'"

बाहेर व्हरांड्यातून कुणीतरी पुस्तकांची ढकलगाडी नेत होते. तिचे एक चाक कुरकुरत होते. तो आवाज हळूहळू लांब गेला.

"आणि मग तुम्ही?" मी विचारले.

"'थँक यू फॉर टेलिंग मी.' पाठच होतं. ती रडायला लागली. मी म्हटलं, 'व्हेन?' तर आणखी रडायला लागली. तुमच्या सरावात ती रडत नव्हती, मास्तर, त्यामुळे तिथून पुढे मला माझ्या अंगच्या इंग्रजीवर यावं लागलं."

त्या दोघी बोलल्या त्यातून निघाले ते एवढेच: नवे घर दोन खोल्यांचे आहे, हे सध्याचे घर सोडायचे नाही, मेट्रनबाई त्यातच राहणार, हे त्या दोघांनी मिळून ठरवले होते आणि आईला सांगण्याचे काम मुलाने स्वतःकडे घेतले होते. त्याने ते काम नुसते पुढे ढकलत ठेवले, इतकेच.

"मुलाला काय म्हणालात?" ड्रायव्हरनी विचारले.

"काही नाही. त्याच्या ताटात जेवण वाढलं आणि म्हटलं, 'आम्ही दोघी बोललोय.' त्या 'आम्ही'त तो नव्हता. घास तसाच राहिला तोंडात."

ड्रायव्हर हसायला गेले आणि मध्येच थांबले, कारण मेट्रनबाई हसत नव्हत्या. त्यांनी आपला कप उजेडात धरला. कड स्वच्छ होती, तरी त्या पाहत राहिल्या.

"वाईट वाटलं," त्या म्हणाल्या. "नाही असं कशाला म्हणू? त्या दिवशी झोपताना उशी दोनदा उलटी केली. पण सकाळी ती तयार होऊन दारात उभी. मला कानाच्या डॉक्टरकडे जायचं होतं, मी एकटी जाणार होते. तिने दुकानातून सुट्टी घेतली होती. घराची किल्ली हलवत म्हणाली, 'आपन? डॉक्टर?' 'ण' नाही येत तिला. मी म्हटलं, आपण. ती म्हणाली, आपन. बसमध्ये दोन वेळा म्हणवून घेतलं. सुधारेल."

मी चहा ओतला. आपल्या माणसाने सांगितलेले 'नाही' आणि त्याच माणसाने दारात उभे राहून म्हटलेले 'आपण' ही दोन्ही एकाच तोंडातून, एकाच उच्चारदोषासह येऊ शकतात. आणि त्या 'आपण'वर विश्वास बसतो तो आधीचे 'नाही' खरे होते म्हणून. हे मी बोललो नाही. मेट्रनबाईंना माझी अशी वाक्ये आवडत नाहीत. त्या अशा वेळी नाडी पाहतात तसे मनगट धरून विचारतात, जेवलात ना?

"चला," त्या म्हणाल्या, "आता सराव. पुढच्या महिन्यापासून घरातलं सगळं मलाच फोनवर बोलायचंय. प्लंबर व्हा."

मी प्लंबर झालो. ड्रायव्हरनी टेलिफोनची घंटा वाजवली, तोंडानेच, अंमळ जास्तच वेळ. मेट्रनबाईंनी हात कानाशी नेला, घसा साफ केला आणि एकेक शब्द चादर अंथरावी तसा नीट ओढून घेत म्हणाल्या,

"गुड आफ्टरनून. वुई हॅव नो हॉट वॉटर."

मी प्लंबरचे काम सोडले. "इथे 'आय' म्हणा. तुम्ही एकट्याच असणार ना. 'आय हॅव नो हॉट वॉटर.'"

त्यांनी कानाशी धरलेला हात खाली घेतला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की रुग्णालयातले शिकाऊ डॉक्टर त्यांच्यापुढे कसे उभे राहत असतील ते मला कळले.

"मास्तर, एकटी बाई अनोळखी माणसाला फोनवर 'आय' म्हणत नाही. घरात किती माणसं आहेत ते प्लंबरला कशाला कळायला हवं? मराठीत 'आम्ही' म्हटलं की तो विचारेल, आम्ही म्हणजे कोण कोण. तुमचा हा शब्द बरा. काही सांगतच नाही."

"पण व्याकरण..."

"प्लंबर व्हा."

मी प्लंबर झालो. ड्रायव्हरनी पुन्हा घंटा वाजवली. मेट्रनबाईंनी हात कानाशी नेला.

"वुई," त्या म्हणाल्या, आणि त्या शब्दानंतर, दाराची कडी लागली आहे की नाही ते पाहावे तशा, किंचित थांबल्या. "वुई हॅव नो हॉट वॉटर. व्हेन आर यू कमिंग?"